हलक्या लिनक्सवर ॲपइमेज: चालवायची कशी, अडली तर सोडवायची कशी, बांधायची कशी

ॲपइमेज म्हणजे एकाच फाइलीत बांधलेलं लिनक्स ॲप. तिचं वर्णन साधारण असं केलं जातं: एक फाइल उतरवा, तिला चालण्याची परवानगी द्या, डबल-क्लिक करा, झालं. उबुंटू किंवा फेडोराच्या भरगच्च डेस्कटॉपवर हे बहुतेक वेळा खरंही ठरतं. अँटीएक्स, पपी, टायनी कोअर, अल्पाइन किंवा व्हॉइड अशा हलक्या वितरणांच्या अगदी किमान इन्स्टॉलवर मात्र तीच फाइल एखादा तुसडा एरर देऊन बंद पडते आणि माणूस फाइलीला दोष देतो. दोष बहुधा फाइलीचा नसतो. ॲपइमेज सगळंच्या सगळं सोबत आणत नाही. काही मोजक्या गोष्टी ती यजमान प्रणालीत असतीलच असं धरून चालते, आणि हलकी प्रणाली घडवणारे नेमक्या त्याच गोष्टींना कात्री लावतात. त्या कोणत्या हे कळलं की चालवण्यातल्या बहुतेक अडचणी सुटतात. स्वतः ॲपइमेज बांधताना काय टाळायचं तेही त्यातूनच कळतं.

या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची.

ॲपइमेजच का?

जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रावर हा पर्याय मला सर्वांत सोयीचा वाटतो. ॲप वाटण्याच्या दुसऱ्या दोन पद्धती म्हणजे फ्लॅटपॅक आणि स्नॅप. फ्लॅटपॅकमध्ये पहिलंच छोटं ॲप घेतानाही त्याच्यासोबत शेकडो एमबींचा सामायिक लायब्ररींचा संच उतरतो. स्नॅपची सेवा सिस्टमडीवर, म्हणजे प्रणाली सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर, उभी आहे आणि अँटीएक्समध्ये सिस्टमडी मुळातच नाही. ॲपइमेजला मागे चालणारी कोणतीही सेवा लागत नाही. फाइल पुसली की ॲप गेलं, राहिल्या तर फक्त त्याच्या सेटिंग्ज. तोटाही उघड आहे. प्रत्येक फाइल आपली लायब्ररी स्वतः बाळगते, त्यामुळे दहा ॲपइमेजमध्ये एकच लायब्ररी दहादा असू शकते. म्हणून जे सॉफ्टवेअर प्रणालीच्या स्वतःच्या भांडारात पुरेशा नव्या रूपात मिळतं ते तिथूनच घ्यावं. ॲपइमेज उरलेल्यांसाठी.

फाइलीच्या पोटात

आजची ॲपइमेज, म्हणजे टाइप २, दोन भागांची असते. सुरुवातीला रनटाइम नावाचा एक छोटा चालणारा प्रोग्राम आणि त्याला जोडून स्क्वॉशएफएस या दाबलेल्या फाइलप्रणालीची प्रतिमा. (टाइप १ मध्ये आयएसओ प्रतिमा असे. ती आता क्वचितच दिसते.) फाइल सुरू केली की रनटाइम मागची प्रतिमा 'टीएमपी' फोल्डरातल्या एका तात्पुरत्या जागी माउंट करतो, म्हणजे फोल्डरासारखी जोडतो, आतला 'ॲपरन' हा ॲप सुरू करणारा प्रोग्राम चालवतो आणि ॲप बंद झालं की माउंट काढतो.

यातल्या दोन गोष्टी हलक्या यंत्रावर महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे नेहमीच्या वापरात काहीच पूर्णपणे उलगडलं जात नाही. जो भाग वाचायचा तेवढाच त्या क्षणी सुटा होतो, त्यामुळे १५० एमबीच्या फाइलीसाठी १५० एमबी मेमरी अडत नाही. दुसरी म्हणजे हे माउंट कर्नलच्या स्क्वॉशएफएसमधून होत नाही. ते फ्यूज या सोयीमार्फत, वापरकर्त्याच्या पातळीवर होतं, म्हणून रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, पासवर्ड लागत नाही. फ्यूज मात्र लागतंच. गंमत अशी की पपीच्या एसएफएस फाइली आणि टायनी कोअरची टीसीझेड पॅकेजं हीसुद्धा स्क्वॉशएफएसच आहेत. तरीही या प्रणालींवर ॲपइमेज अडू शकते ती फ्यूजपाशी.

चालवण्याआधी

आधी 'यूनेम' ही आज्ञा 'डॅश एम' लावून द्या. उत्तर 'एक्स८६ अंडरस्कोर ६४' आलं तर बहुतेक ॲपइमेज तुमच्यासाठी आहेत. 'आय६८६' आलं तर प्रणाली ३२-बिट आहे, आणि आजच्या बहुसंख्य ॲपइमेज ६४-बिटच निघतात. अँटीएक्सची ३२-बिट आवृत्ती वापरणाऱ्यांनी आधी प्रोसेसर ६४-बिट आहे का ते 'एलएससीपीयू'ने पाहावं. पुष्कळ जुन्या यंत्रांत तो असतो, फक्त वर चढवलेली प्रणाली ३२-बिट असते.

मग फाइल कुठे ठेवली आहे ते पाहा. उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवरून थेट चालवण्याचा मोह होतो, पण फॅट फाइलप्रणालीत चालण्याची परवानगी नोंदवायला जागाच नाही. तिथे ती परवानगी माउंट करतानाच्या पर्यायांवरून ठरते. बऱ्याच डेस्कटॉपवर असा ड्राइव्ह 'शोएक्झेक' पर्यायाने माउंट होतो आणि मग फक्त ईएक्सई, कॉम आणि बॅट या शेपटांच्या फाइली चालण्याजोग्या मानल्या जातात. परवानगी बदलणारी 'सीएचमॉड' आज्ञा कितीही वेळा दिली तरी फरक पडत नाही. फाइल ईएक्सटी४ सारख्या लिनक्सच्या स्वतःच्या विभागावर, घरच्या फोल्डरात, 'ॲप्लिकेशन्स' असं उपफोल्डर करून ठेवा आणि मग 'सीएचमॉड यू प्लस एक्स' द्या. एवढं करूनही 'परमिशन डिनाइड' आलं तर नुसती 'माउंट' आज्ञा देऊन त्या विभागापुढे 'नोएक्झेक' (प्रोग्राम चालवायला मनाई) लिहिलंय का ते बघा.

पहिल्यांदा फाइल टर्मिनलमधूनच सुरू करावी. डबल-क्लिक अपयशी ठरलं की पडद्यावर काहीच उमटत नाही. टर्मिनलमध्ये निदान तक्रार तरी वाचता येते.

फ्यूजची अडचण

सर्वांत जास्त भेटणारा एरर म्हणजे 'लिबफ्यूज डॉट एसओ डॉट २' सापडत नाही. जुन्या रनटाइमला फ्यूजची दुसरी पिढी लागते आणि नव्या वितरणांत तिसरी असते. उबुंटूने २२.०४ पासून दुसरी पिढी डीफॉल्ट इन्स्टॉलमधून काढली. डेबियन १२ किंवा उबुंटू २२.०४ वर आधारलेल्या प्रणालीत 'लिबफ्यूज२' हे पॅकेज टाका. उबुंटू २४.०४ मध्ये त्याचंच नाव 'लिबफ्यूज२टी६४' झालं आहे. सावधगिरी एवढीच की घाईत नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज टाकू नका. उबुंटू २२.०४ वर ते 'फ्यूज३'ला हटवतं आणि त्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे भागही ओढून नेऊ शकतं. पॅकेज व्यवस्थापक 'हे हटवलं जाईल' अशी यादी दाखवतो, ती वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

नवीन रनटाइम स्टॅटिक आहे, म्हणजे फ्यूजची लायब्ररी त्याच्या आतच असते. त्याला यजमानाकडून दोनच गोष्टी हव्यात: 'फ्यूजरमाउंट' किंवा 'फ्यूजरमाउंट३' हा प्रोग्राम आणि 'डेव्ह' फोल्डरातली 'फ्यूज' ही फाइल. फाइल दिसत नसेल तर रूट होऊन 'मॉडप्रोब फ्यूज' द्या. त्याने काम झालं तर ते मॉड्यूल प्रणाली सुरू होताना आपोआप चढेल अशी नोंद करून टाका.

फ्यूज टाकायचंच नसेल, किंवा कंटेनरमध्ये असल्याने टाकता येत नसेल, तर फाइलीच्या नावानंतर दोन डॅश देऊन 'ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन' लिहा. सगळा मजकूर 'टीएमपी'त उलगडतो आणि ॲप तिथून चालतं. इथे हलक्या यंत्राचा खरा सापळा आहे. अनेक प्रणालींत 'टीएमपी' टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीतच असतं. पपी आणि टायनी कोअर तर जवळजवळ पूर्णच मेमरीतून चालतात. १ जीबी रॅमच्या यंत्रावर ४०० एमबीचं ॲप असं उलगडलं की उरलेल्या मेमरीत ते रांगतंच. 'टीएमपीडीआयआर' हे चल डिस्कवरच्या एखाद्या फोल्डराकडे वळवलं की मेमरी वाचते, पण दर वेळी उलगडण्यात वेळ जातो तो जातोच.

रोज वापरायच्या ॲपसाठी मी वेगळा मार्ग सुचवेन. 'ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट' हा पर्याय एकदाच द्या. 'स्क्वॉशएफएस-रूट' नावाचं फोल्डर तयार होईल. त्याला ॲपचं नाव द्या, डिस्कवर नीट जागी ठेवा आणि यापुढे आतला 'ॲपरन' चालवा. फ्यूजची गरज संपते. जुन्या प्रोसेसरला प्रत्येक वेळी दाबलेला मजकूर सोडवत बसावं लागत नाही, त्यामुळे ॲप लवकर उघडतं. डिस्क मात्र दुपटी-तिपटीने लागते आणि फाइलीचा सुटसुटीतपणा जातो. वेगवान प्रोसेसर आणि लहान डिस्क असेल तर उलट विचार करा.

सी लायब्ररी: इथे जुगाड चालत नाही

दुसरा नेहमीचा एरर 'जीलिबसी २.३४ सापडली नाही' अशा थाटाचा असतो. जीलिबसी म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ सी लायब्ररी. आकडा बदलतो, अर्थ एकच: ॲप तुमच्यापेक्षा नव्या प्रणालीवर बांधलं आहे. डेबियन ११ आणि उबुंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, उबुंटू २२.०४ मध्ये २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६, उबुंटू २४.०४ मध्ये २.३९. नवी जीलिबसी जुन्यासाठी बांधलेले प्रोग्राम चालवते, जुनी जीलिबसी नव्यासाठी बांधलेले चालवत नाही. कुठून तरी नवी 'लिबसी' फाइल आणून प्रणालीत बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कारण 'एलएस'सकट सगळंच बंद पडू शकतं. त्या ॲपची जुनी आवृत्ती शोधा, नाहीतर प्रणालीच पुढे न्या.

अल्पाइनवर प्रकरण वेगळं आहे. तिथे जीलिबसी नसून मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे. व्हॉइड दोन्ही प्रकारांत मिळतं, म्हणून आपण कोणतं घेतलंय ते आधी पाहावं. मसलवर एरर येतो तो 'नॉट फाउंड', आणि माणूस डोळ्यांसमोरच्या फाइलीकडे बघत राहतो. सापडत नसते ती तुमची फाइल नव्हे, तर तिला मेमरीत चढवणारा जीलिबसीचा लोडर. साध्या प्रोग्रामांना 'जीकॉम्पॅट' हे पॅकेज पुरतं, मोठ्या ग्राफिकल ॲपना बहुधा पुरत नाही. डेबियनचं छोटं सीएचरूट (एका फोल्डरात उभारलेली वेगळी प्रणाली) करून त्यात ॲप चालवणं हा जास्त खात्रीचा मार्ग आहे. काही पॅकेजकार आता जीलिबसी आणि लोडरसुद्धा ॲपइमेजमध्येच घालतात. अशा फाइली जाड असतात, पण मसलवरही चालतात.

बाकीचे अडथळे, थोडक्यात

'लिबजीएल डॉट एसओ डॉट १' नाही म्हटलं तर यजमानावर मेसा हा ग्राफिक्स लायब्ररींचा संच टाका. ही लायब्ररी ॲपइमेजमध्ये मुद्दामच घालत नाहीत, कारण ती तुमच्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी जुळावी लागते. मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी फाँट टाका. फाँटही सहसा यजमानाकडूनच येतात आणि किमान इन्स्टॉलमध्ये नोटोचा देवनागरी फाँट असेलच असं नाही.

इलेक्ट्रॉनवर बनलेली ॲप आणि क्रोमियमच्या जातीचे ब्राउझर रूट म्हणून चालायला नकार देतात, आणि पपीमध्ये वापरकर्ता सहसा रूटच असतो. सँडबॉक्स, म्हणजे ॲपला बांधून ठेवणारं कुंपण, काढणारा 'नो-सँडबॉक्स' पर्याय दिला की ती चालतात. पण रूट म्हणून, सँडबॉक्स काढून ब्राउझर चालवणं म्हणजे दोन्ही दारं सताड उघडी ठेवणं. पपीमध्ये याचसाठी 'स्पॉट' नावाचा मर्यादित वापरकर्ता आहे. इंटरनेटशी बोलणारी ॲप त्याच्या नावाने चालवावीत.

ॲपइमेज हे स्वतः काही सुरक्षेचं कुंपण नव्हे. ॲपला तुमच्या सगळ्या फाइली दिसतात. फाइलीत डिजिटल सही असली तरी सुरू होताना ती तपासली जात नाही. म्हणून मूळ प्रकल्पाच्या जागेवरूनच फाइल घ्या, 'एसएचए२५६सम' आज्ञेने निघणारा आकडा प्रकल्पाने दिलेल्या आकड्याशी जुळवा आणि शंका असेल तर ॲपला कोंडून चालवणारं 'फायरजेल' त्याच्या 'ॲपइमेज' पर्यायासह वापरा.

मेन्यूत आणणं आणि सेटिंग्ज सोबत ठेवणं

घरच्या फोल्डरातल्या 'डॉट लोकल', 'शेअर', 'ॲप्लिकेशन्स' या वाटेवर एक डेस्कटॉप फाइल, म्हणजे मेन्यूतल्या नोंदीची फाइल, लिहिली की एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीच्या मेन्यूत ॲप दिसू लागतं. 'एक्झेक' ओळीत पूर्ण वाट द्या, कारण घरच्या फोल्डरासाठी वापरतात ते लाटेचं चिन्ह (~) तिथे उलगडत नाही. आइसडब्ल्यूएम, जेडब्ल्यूएम, फ्लक्सबॉक्स यांच्या मेन्यू फाइलीत हाताने एक ओळ जोडणं सर्वांत सोपं. त्यासाठी मागे सतत चालणारं एकत्रीकरणाचं साधन बसवणं हलक्या यंत्रावर मला अनाठायी वाटतं.

ॲपइमेजच्याच नावाला 'डॉट होम' जोडून शेजारी एक फोल्डर केलं तर ॲप त्यालाच आपलं घर मानतं आणि सगळ्या सेटिंग्ज तिथे लिहितं. फाइल आणि फोल्डर मिळून दुसऱ्या यंत्रावर नेता येतं. मात्र 'फाइल उघडा' खिडकीतही मग तेच रिकामं घर दिसतं. ते नको असेल तर 'डॉट कॉन्फिग' असं फोल्डर करा, फक्त सेटिंग्जच तिथे जातात.

आता स्वतः बांधू

समजा 'टिपण' नावाचा सी प्लस प्लस आणि क्यूटी (खिडक्या-बटणांची लायब्ररी) वापरून लिहिलेला छोटा प्रोग्राम आहे. पहिला निर्णय कोडचा नाही, जागेचा आहे: तो कुठे बांधायचा? ज्या प्रणालींवर चालावा असं वाटतं त्यांतल्या सर्वांत जुन्या पायावर. अँटीएक्स २२ डेबियन ११ वर आणि अँटीएक्स २३ डेबियन १२ वर उभी आहे. दोन्हींवर चालवायचा तर डेबियन ११ वर बांधा. त्यासाठी जुनी प्रणाली यंत्रावर चढवायची गरज नाही. 'डीबूटस्ट्रॅप'ने एका फोल्डरात तेवढी उभारून 'सीएचरूट'ने आत शिरा, किंवा कंटेनर वापरा.

आत कंपाइलर आणि क्यूटीची डेव्हलपमेंट पॅकेजं टाका. 'सीमेक'ला इन्स्टॉल प्रीफिक्स 'यूएसआर' द्या, कंपाइल करा आणि 'मेक इन्स्टॉल' करताना 'डेस्टडीआयआर' म्हणून 'ॲपडीआयआर' या फोल्डराची पूर्ण वाट द्या. प्रोग्राम खऱ्या 'यूएसआर'मध्ये न जाता त्या फोल्डरातल्या 'यूएसआर'मध्ये बसतो.

मग डेस्कटॉप फाइल आणि २५६ बाय २५६ पिक्सेलचं पीएनजी आयकॉन तयार करा. 'एक्झेक' ओळीत नुसतं 'टिपण', 'आयकॉन' ओळीतही नुसतं 'टिपण'. इथे वाट किंवा शेपूट लिहायचं नाही. 'कॅटेगरीज' ओळ विसरू नका, तपासणीत तिची उणीव पकडली जाते.

पुढचं अवजार 'लिनक्सडिप्लॉय'. त्याला ॲपडीआयआर, डेस्कटॉप फाइल आणि आयकॉन दाखवा, क्यूटीचा प्लगइन जोडा आणि आउटपुट 'ॲपइमेज' सांगा. हे अवजार स्वतःच ॲपइमेज आहे, त्यामुळे सीएचरूटमध्ये फ्यूज नसलं तर वरचाच उलगडून चालवण्याचा पर्याय इथेही लागतो. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी शोधून ते आत कॉपी करतं आणि प्रत्येकीत 'आरपाथ' (लायब्ररी शोधायची वाट) असा लिहितं की शोध फाइलीच्या स्वतःच्या जागेपासून सुरू व्हावा. जीलिबसी, लिबजीएल, एक्स११ अशा लायब्ररी ते वगळतं. ही वगळण्याची यादी ॲपइमेज प्रकल्पच सांभाळतो. 'आरईएलआर डॉट डिन' असा उल्लेख असलेला, अनावश्यक भाग छाटणाऱ्या 'स्ट्रिप'चा एरर आला तर अवजारासोबत आलेला 'स्ट्रिप' जुना आहे. 'नोस्ट्रिप' हे चल, मध्ये अंडरस्कोर घालून, १ करा आणि पुन्हा चालवा.

इथवर सगळं यांत्रिक आहे. खरी मेहनत आहे ती अवजाराला न दिसणाऱ्या गोष्टींची. प्रोग्राम चालू असताना 'डीएलओपन'ने उघडलेले प्लगइन, भाषांतराच्या फाइली, चित्रं, जीटीके ॲप असेल तर जीसेटिंग्जचे स्कीमा आणि पिक्सबफचे लोडर, यांतलं काहीच लायब्ररींच्या यादीत उमटत नाही. बांधलेल्या यंत्रावर या फाइली आधीच असतात, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं आणि दुसरीकडे आयकॉन गायब होतात. बांधून झाल्यावर 'स्ट्रिंग्ज' आज्ञेने प्रोग्राम चाळा आणि 'यूएसआर शेअर'ने सुरू होणाऱ्या वाटा शोधा. अशी प्रत्येक वाट पुढे त्रास देणार. क्यूटीमध्ये 'ॲप्लिकेशनडीआरपाथ' विचारून तिथून सापेक्ष वाट काढणं हा नीट उपाय. कोड बदलता येत नसेल तर 'ॲपरन'मध्ये 'एक्सडीजी डेटा डर्स' या चलात आपलं फोल्डर आधी जोडा. 'ॲपडीआयआर' हे चल रनटाइमच भरून देतो.

'ॲपरन'मध्ये 'एलडी लायब्ररी पाथ' बसवण्याची सवय मात्र सोडा. ते चल तुमच्या प्रोग्रामने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामकडे वारशाने जातं. मग 'लिंक उघडा'वर दाबल्यावर यजमानाचा ब्राउझर तुमच्या जुन्या लायब्ररी उचलतो आणि पडतो, आणि वापरकर्ता तक्रार ब्राउझरची करतो. आरपाथ याच कारणासाठी बरा.

शेवटचं आवरण हाताने करायचं असेल तर 'ॲपइमेजटूल'. नवी आवृत्ती दाबण्यासाठी झेडस्टँडर्ड वापरते. जुन्या प्रोसेसरवर एक्सझेडपेक्षा हे कितीतरी लवकर सुटतं. फाइल थोडी मोठी होते, ती होऊ द्यावी. नवीन ॲपइमेजटूल रनटाइम इंटरनेटवरून उतरवतं. जोडणी नसेल तर 'रनटाइम-फाइल' पर्यायाने आधीच उतरवलेला द्या.

वाटण्यापूर्वी तपासणी

ॲपइमेज उलगडा आणि आतल्या मुख्य प्रोग्रामवर व प्रत्येक लायब्ररीवर 'ऑब्जडंप डॅश टी' (कॅपिटल टी) चालवून 'जीलिबसी' शब्द गाळून घ्या. दिसलेला सर्वांत मोठा आकडा तुमच्या पायापेक्षा मोठा असेल तर एखादी लायब्ररी बाहेरून घुसली आहे. मग 'एलडी डीबग' चलाला 'लिब्ज' ही किंमत देऊन ॲप चालवा. कोणती लायब्ररी आतून आली आणि कोणती यजमानाकडून, ते ओळीओळीने दिसतं.

बांधलेल्या यंत्रावरची चाचणी चाचणी नव्हे. अँटीएक्सची लाइव्ह आयएसओ क्यूईएमयू या आभासी यंत्रात १ जीबी मेमरी देऊन सुरू करा, फ्यूज असताना एकदा आणि उलगडून एकदा ॲप चालवा, मेन्यू, मदत, छपाई, बाहेरची लिंक असं सगळं दाबून बघा. डेबियनच्या कुळाबाहेरचं निदान एक वितरण घ्या, जीलिबसीचं व्हॉइड त्यासाठी उत्तम. सर्टिफिकेट, फाँट, टाइमझोन यांच्या जागा तिथे वेगळ्या निघू शकतात.

फाइल वाटताना नावात आवृत्ती आणि आर्किटेक्चर असू द्या, शेजारी 'एसएचए२५६सम'चा आकडा ठेवा. ॲपइमेजटूलला 'डॅश यू'ने अपडेटचा पत्ता दिला तर ते सोबत एक 'झेडसिंक' फाइलही तयार करतं. ती ॲपइमेजच्या शेजारीच चढवा. मग वापरणाऱ्याला 'ॲपइमेजअपडेट'ने फक्त बदललेले तुकडे उतरवता येतात.